हातावरच्या नोटा

चैत्री पौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी येडेश्वरीची पालखी डोंगर उतरून आमराईकडे निघते. वाटेत चुन्याच्या रानात नजर जाईल तिथवर माणसं खाली वाकलेली दिसतात. म्हातारी आजी, तान्ह्याला कडेवर घेतलेली सून, पुण्याहून रजा काढून आलेला नोकरदार, ऊसतोडीवरून नुकतंच घरी परतलेलं बिऱ्हाड, सगळ्यांची बोटं मातीत. चुनखडीचे खडे वेचायचे आणि आईला वाहायचे. कुणी किती वेचले, कुणी कुठून आणले, याचा हिशेब तिथे कुणी ठेवत नाही. जे काही वाहायचं ते सगळ्यांदेखत, भर उन्हात.

बालाघाटाच्या आमच्या पट्ट्यात चैत्र हा यात्रांचा महिना, आणि यात्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. हलगी कडाडते, लाऊडस्पीकरवरून जोडी पुकारली जाते. लहान पोरं रेवड्यांवर आणि नारळावर लढतात, मग पन्नास, शंभर, पाचशे असं इनाम चढत जातं आणि दिवस कलताना मानाची शेवटची कुस्ती लागते. गेल्या चैत्रात शेजारच्या एका गावी आम्ही असे फडाच्या कडेला बसलो होतो. अकरावीतल्या एका पोरानं आपल्याहून अंगानं दांडग्या गड्याला ढाक लावून चितपट केलं आणि रिवाजाप्रमाणे तो फडाला फेरी मारायला निघाला. पाठीला लाल माती, कान खरचटलेला आणि उजवा हात पुढे. लोक हातावर नोटा ठेवत होते. दहाची, वीसची, एका फेटेवाल्या आजोबांनी कनवटीची पन्नासची काढली. मुंबईहून आलेल्या एका पाहुण्यानं पाचशेची ठेवली तेव्हा लाऊडस्पीकरवरून त्याचं नाव पुकारलं गेलं. फेरी संपली तेव्हा पोराच्या मुठीत घामानं ओल्या झालेल्या नोटांचा गोळा होता. तो त्यानं वस्तादांच्या टॉवेलात टाकला. वस्तादांनी तिथेच मांडी घालून, सगळ्यांसमोर, एकेक नोट सरळ करत मोजल्या.

फड उठल्यावर तो पोरगा आमच्याजवळ आला. "सर, हे पैसे घेतले म्हणून शाळेकडून खेळाया बंदी येती का?"

त्यानं मोबाइलवर अमेरिकेतल्या एका खेळाडूची गोष्ट पाहिली होती. कॉलेजात असताना बाहेरच्यांकडून पैसे घेतले म्हणून त्याचा सगळ्यात मोठा मान काढून घेतला गेला, अशी. आम्ही 'सांगतो' म्हणत त्या पोराच्या पाठीवर थाप मारून त्याला वाटेला लावलं. ते बरोबर झालं नाही. प्रश्न खरा होता आणि त्याला खरं उत्तर द्यायला हवं होतं. यंदाच्या चैत्रीच्या निमित्तानं ते द्यायचा प्रयत्न आहे.

त्या खेळाडूचं नाव रेजी बुश. अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो आपला पायानं खेळायचा फुटबॉल नाही. डोक्याला शिरस्त्राण, खांद्याला गाद्या बांधून, लांबट चेंडू काखेत मारून एकमेकांना आडवं पाडण्याचा तो खेळ आहे. आपल्याकडच्या माणसाला त्यात कुस्ती आणि कबड्डी दोन्ही दिसतील. बुश दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून खेळायचा. २००५ साली त्याला कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च मान, हाइजमन करंडक, मिळाला. पुढे चौकशीत निघालं की पुढेमागे आपला धंदा होईल या आशेनं काही मंडळींनी त्याच्या घरच्यांना राहायला घर आणि पैसे दिले होते. २०१० साली करंडक परत गेला. विद्यापीठालाही शिक्षा झाली. आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये तोच करंडक त्याला सन्मानानं परत देण्यात आला, कारण मधल्या काळात नियमच बदलले होते. खेळाडूनं पैसे घेणं हा आता सरसकट गुन्हा राहिला नव्हता. त्याची उमेदीची चौदा वर्षं मात्र कुणी परत देऊ शकत नाही.

हे समजून घ्यायचं तर तिथल्या कॉलेजच्या खेळाचा पसारा डोळ्यांसमोर आणावा लागेल. मिशिगन विद्यापीठाच्या एकट्या मैदानात १ लाख ७ हजारांवर माणसं बसतात. म्हणजे यात्रेतली एका दिवसाची गर्दी, तिकीट काढून, एका सामन्याला. टीव्हीवाले अब्जावधी डॉलर मोजतात. मोठ्या विद्यापीठांतल्या काही प्रशिक्षकांचा वर्षाचा पगार एक कोटी डॉलरच्या वर जातो. आणि ज्यांच्यासाठी ही गर्दी जमते त्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांना मिळायची ती शिष्यवृत्ती: फी, खोली, जेवण. त्यापलीकडे बाहेरून एक पैसा घेतला की पोरगा अपात्र. हे नियम करणारी संस्था १९०६ सालची, एनसीएए नावाची. खेळ शुद्ध राहावा, विद्यार्थी विद्यार्थीच राहावा, असं त्यामागचं सांगणं.

पण 'विद्यार्थी-खेळाडू' हा जो शब्द ती संस्था जपमाळेसारखा ओढत आली, त्याचा जन्म कसा झाला ते ऐकण्यासारखं आहे. १९५५ साली कोलोरॅडोतल्या एका छोट्या कॉलेजचा खेळाडू, रे डेनिसन, सामन्यात डोक्याला मार लागून गेला. त्याच्या विधवेनं कामगार भरपाई मागितली. नवरा कॉलेजसाठी राबत होता, राबताना गेला, एवढंच तिचं म्हणणं. कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयानं १९५७ मध्ये ते नाकारलं. खेळाडूला कामगार म्हटलं तर अशा किती भरपाया द्याव्या लागतील, या धास्तीतून हा शब्द ठरवून रुळवला गेला. हे आम्ही पदरचं सांगत नाही. १९५१ ते १९८७ अशी छत्तीस वर्षं ज्यांनी त्या संस्थेचा कारभार पाहिला, त्या वॉल्टर बायर्स यांनीच पुढे स्वतःच्या पुस्तकात हे कबूल केलं. शब्द दिसायला किती सोज्वळ! विद्यार्थीही आणि खेळाडूही. पण तो घडवला गेला एका बाईच्या हातातला भरपाईचा अर्ज परतवण्यासाठी.

नियम एकदा असा बसला की तो कुणाला धरतो आणि कुणाला सोडतो हे पाहावं. २०१० साली जॉर्जिया विद्यापीठाच्या ए. जे. ग्रीन या पोरानं आपली स्वतःची, अंगावर घातलेली जर्सी हजार डॉलरला विकली. चार सामने बाहेर. त्याच वेळी त्याच्याच नंबराच्या जर्सी विद्यापीठाच्या दुकानात विकायला टांगलेल्या होत्या. त्याच वर्षी ओहायो स्टेटच्या पाच पोरांनी आपल्या मिळालेल्या अंगठ्या आणि जर्सी विकल्या, गोंदवून घेताना सूट घेतली. पाच-पाच सामने बाहेर, आणि हे माहीत असून लपवल्याबद्दल त्यांच्या प्रशिक्षकाला जावं लागलं. त्याआधी १९८७ मध्ये टेक्सासमधल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा तर सबंध फुटबॉल वर्षभरासाठी बंद केला होता, कारण धनिक हितचिंतक पोरांना पाकिटं देत होते.

आता दुसऱ्या बाजूची एक गोष्ट. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात अठरा वर्षं असे वर्ग चालले की ज्यांत शिकवणं नव्हतं, हजेरी नव्हती. एक निबंध लिहून दिला की चांगले गुण. असे ३,१०० च्या वर विद्यार्थी त्यातून निघाले आणि त्यांतले जवळजवळ निम्मे खेळाडू होते. २०१४ साली चौकशी अहवाल आला. त्या पोरांना विद्यापीठानं खेळवून घेतलं आणि बदल्यात जे द्यायचं कबूल केलं होतं, शिक्षण, तेच दिलं नाही. २०१७ मध्ये एनसीएएनं निकाल दिला की हे वर्ग इतर विद्यार्थ्यांनाही खुले होते, म्हणून यात खेळाडूंना वेगळी सवलत दिली असं म्हणता येत नाही आणि शिक्षाही करता येत नाही. जर्सी विकली तर चार सामने. शिक्षणच चोरलं तर काही नाही. आमचं सगळं म्हणणं या दोन निकालांच्या मधल्या फटीत आहे. नियमाची नजर पोराच्या खिशावर होती. त्याच्या वहीकडे आणि ताटाकडे कुणी पाहत नव्हतं.

ताट हा शब्द आम्ही उगाच वापरला नाही. बरीच वर्षं त्या नियमांत असं होतं की जेवणाच्या ठरल्या वेळांखेरीज कॉलेजनं खेळाडूला पाव, फळं, सुकामेवा दिला तर चालेल, पण पावाला काही लावून दिलं तर ते जेवण धरलं जाईल आणि जास्तीचं जेवण हा नियमभंग. कोरडा पाव चालतो, लोण्याचं बोट लावलं की गुन्हा. २०१४ च्या एप्रिलमध्ये कनेक्टिकट विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू शबाझ नेपियर देशाचं विजेतेपद जिंकण्याच्या सुमारास पत्रकारांसमोर बोलून गेला की कित्येक रात्री मी उपाशीपोटी झोपतो. त्यानंतर काही दिवसांतच जेवणावरची बंधनं उठली. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात, लाख-लाख माणसांची मैदानं असलेल्या कॉलेजांत, पोरांनी पोटभर खावं की नाही हे ठरवायला असा उपाशी पोरगा टीव्हीवर बोलावा लागला.

हे वाचताना धाराशिवच्या माणसाला एक नाव आठवल्यावाचून राहणार नाही. सारिका काळे. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाची कर्णधार. २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा खो-खोच्या वाट्याला बावीस वर्षांनी तो मान आला होता. पुरस्कार जाहीर झाल्यावर तिनं सांगितलं की जवळजवळ दहा वर्षं ती दिवसातून एकच वेळ जेवत होती. वडिलांची कमाई बेताची, आई शिवणकाम करणारी. मामानं तेराव्या वर्षी मैदानावर नेलं म्हणून खेळ सुरू झाला. ज्या वर्षी तिनं सुवर्ण जिंकलं त्याच वर्षी पैशांपायी तिनं खेळ सोडायचं मनाशी ठरवलं होतं; प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजावलं, मग ती मैदानावर परतली.

दहा वर्षं एक वेळ. खो-खोत पाठलाग करणाऱ्या पोरीनं किती वळणं घ्यायची, किती वेळा खांबाला हात लावून उलटं फिरायचं, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना या वाक्याचं वजन कळेल. कुण्या शेजारणीनं तिला संध्याकाळची भाकरी दिली असेल, कुणी दुकानदारानं बुटांचे पैसे परत घ्यायला सांगितले असतील. ते 'बाहेरून घेतलेले लाभ' होते का? असतील तर धाराशिव जिल्ह्याचा सगळा खो-खो अशाच लाभांवर उभा आहे आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं तेव्हा त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. त्यानंतर राज्य सरकारनं महाराष्ट्राच्या विश्वविजेत्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये जाहीर केले. फार चांगलं झालं. पण पैसा जिंकल्यावर येतो आणि भूक जिंकण्याच्या आधी लागते. ती मधली वर्षं कुणी सांभाळायची, हा खरा पात्रतेचा प्रश्न आहे.

ती वर्षं कशी सांभाळली जातात याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण याच वर्षी शंभर वर्षांचं झालं. खाशाबा जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. कराडजवळच्या गोळेश्वरचे. त्यांची जयंती आता राज्य क्रीडा दिन म्हणून पाळली जाते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च केला आणि खाशाबा सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर सरकारकडून पुरेसा पैसा मिळेना. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. तरी कमी पडले. तेव्हा ते ज्या राजाराम कॉलेजात शिकले त्याचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर ७,००० रुपयांना गहाण टाकलं. खाशाबा गेले आणि बँटमवेट गटात कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं वैयक्तिक स्पर्धेतलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. परतल्यावर कराडहून शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि त्यांच्याविषयी आवर्जून सांगितलं जातं ते हे की आल्यावर त्यांनी कुस्त्या घेतल्या, त्यांत जिंकलेले पैसे प्राचार्यांच्या हातात ठेवले आणि ते घर सोडवलं.

आता एनसीएएचा चौकशी अधिकारी कोल्हापुरात येऊन बसला आहे अशी कल्पना करा. कॉलेजच्या प्रमुखानं खेळाडूला सात हजार दिले: नियमभंग. गावकऱ्यांनी वर्गणी दिली: नियमभंग. पैलवानानं पैशाची कुस्ती मारली: अपात्र, आणि ऑलिंपिकच्या त्या काळच्या हौशीपणाच्या कायद्यानंही अपात्र ठरण्याची भीती. ही भीती कल्पनेतली नव्हती. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकणारा जिम थॉर्प हा अमेरिकेतला मूळनिवासी, कार्लाइल इंडियन स्कूलचा फुटबॉलपटू. त्याआधी दोन उन्हाळे त्यानं किरकोळ पैशांवर गावोगावच्या बेसबॉल संघात खेळून पोट भरलं होतं. कॉलेजची कित्येक पोरं तेव्हा तसं करत, पण खोटं नाव लावून. थॉर्पनं स्वतःच्या नावानं खेळण्याचा प्रामाणिकपणा केला आणि तोच अंगाशी आला. १९१३ मध्ये त्याची पदकं काढून घेतली. तो १९५३ साली गेला. पदकांच्या प्रतिकृती त्याच्या मुलांच्या हातात पडल्या १९८३ मध्ये आणि एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव पुन्हा लागायला २०२२ साल उजाडलं.

ज्या हौशीपणाच्या नियमानं हे केलं तो मुळात इंग्लंडमधल्या सुखवस्तू घरांतून आला. ज्यांना खेळून पोट भरायचं नव्हतं अशांनी तो केला. त्यात गरीब पोरगा आपोआप संशयित ठरतो, कारण कुणाच्या तरी मदतीशिवाय तो मैदानापर्यंत पोचूच शकत नाही. शेतमजुराच्या पोराचा खुराक म्हणजे बदाम, तूप, दूध. घरचा सगळा पगार एका बाजूला आणि त्याचा खुराक दुसऱ्या बाजूला. आमच्या मातीनं याचं उत्तर केव्हाच काढलं आहे: फडात फेरी मारायची, हात पुढे करायचा, आणि नोटा सगळ्यांदेखत मोजायच्या. देणाऱ्याचं नाव लाऊडस्पीकरवर. ज्या देण्याचं नाव पुकारता येतं त्यात पोरगा विकला जात नाही. पाकीट टेबलाखालून सरकलं की त्याच्यामागे कुणाची तरी मालकी येते. रेजी बुशच्या घरच्यांना घर देणारे लोक काही खर्डेकर नव्हते. त्यांना पोराच्या पुढच्या कमाईत वाटा हवा होता. हा फरक नियमाला करता यायला हवा होता. त्यानं दोघांना एकाच तराजूत घातलं.

अमेरिकेनंही अखेर हे मान्य केलं, पण न्यायालयानं मान धरल्यावर. २१ जून २०२१ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं नऊ विरुद्ध शून्य असा निकाल दिला की शिक्षणाशी जोडलेल्या लाभांवर एनसीएएला मर्यादा घालता येणार नाही. पुढच्या दहा दिवसांत, १ जुलैपासून, खेळाडूला स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिरातीतून पैसे मिळवायची मुभा मिळाली. ६ जून २०२५ ला आणखी मोठी तडजोड मंजूर झाली: आधीच्या खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलर भरपाई आणि यापुढे प्रत्येक विद्यापीठाला आपल्या खेळाडूंना थेट पैसे देता येतील, पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी डेनिसनच्या बायकोनं जे म्हटलं होतं की माझा नवरा राबत होता, त्याच्या जवळपास ते आता आले.

सगळं गोड झालं असं मात्र नाही, आणि आमच्या वाचकांना तेही सांगायला हवं. आता पोरं दरवर्षी जास्त बोली लावणाऱ्या विद्यापीठाकडे जाऊ लागली आहेत. एका वर्षात एक कॉलेज, दुसऱ्यात दुसरं. पदवी कुठून घ्यायची हा विचार मागे पडतो. पैशाचा मोठा वाटा फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या मुलांकडे वळतो आणि पोहणाऱ्या, धावणाऱ्या मुलींच्या वाट्याला काय उरतं यावर तिथे वाद चालू आहे. बंदीनं जे साधलं नाही ते नुसत्या बाजारानंही साधत नाही. वही आणि ताट दोन्ही पुन्हा बाजूला राहू शकतात.

आपल्याकडे रोग वेगळा आहे. आपण खिशावर नजर ठेवत नाही, कागदावर ठेवतो, आणि कागद विकत मिळतो. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. दोन्ही सवलती गरीब घरातल्या खेळाडूसाठी देवासारख्या. पण काही वर्षांपूर्वी पडताळणीत काय निघालं? ट्रॅम्पोलिन आणि टम्बलिंग या खेळांची प्रमाणपत्रं दाखवून लोक नोकरीला लागलेले, आणि प्रमाणपत्रं बोगस. ज्यांनी आयुष्यात कधी उडी मारली नाही ते उडीवर साहेब झाले. त्यांच्यातल्या एकेकानं अशा एका पोराची जागा खाल्ली ज्याच्या गुडघ्यावर आठ वर्षांच्या मैदानाची खरबड आहे. याचा संताप या जिल्ह्यात का उसळला नाही, याचं आम्हाला आजही वाईट वाटतं. नॉर्थ कॅरोलिनाचे कागदी वर्ग आणि आपली कागदी प्रमाणपत्रं सख्खी भावंडं आहेत.

आणि तिसरी गोष्ट, जी सगळ्यांना माहीत असून कुणी बोलत नाही. विद्यापीठाच्या स्पर्धा जवळ आल्या की काही कॉलेजं चांगल्या कबड्डीपटूला, पैलवानाला प्रवेश देतात. फी माफ, राहायची सोय, थोडा हातखर्च. यात गैर काही नाही, उलट चांगलंच आहे. गैर पुढे होतं. पोरगा वर्गात कधी बसत नाही, परीक्षेला बसला तर बसला. स्पर्धा संपली की त्याची सोय संपली. चषक कॉलेजच्या कपाटात राहतो आणि पोरगा पंचविशीत गावाकडे परत येतो, गुडघा दुखावलेला, पदवी अर्धवट. अशी दोन-तीन पोरं आम्ही जवळून पाहिली आहेत. त्यांतला एक आज एका ढाब्यावर रात्रपाळीला असतो आणि बोलण्याच्या ओघात आपल्या जुन्या संघाचे निकाल आकड्यांसकट सांगतो. त्याला अपात्र कुणी ठरवलं नव्हतं. तो सगळ्या नियमांत बसत होता.

म्हणून आमचं मागणं असं आहे. खेळाडूला कुणी दिलं तर देऊ द्या, फक्त ते शाळेच्या किंवा कॉलेजच्या वहीत नाव-रक्कम घालून उघड लिहा, भिंतीवर लावा. पात्रतेचा अर्ज भरताना पोराच्या जन्मतारखेच्या दाखल्याबरोबर त्याचा मागच्या वर्षीचा निकालही पाहा, आणि निकाल वाईट असेल तर पोराला बाहेर काढण्याआधी कॉलेजला विचारा की तुम्ही याला कुणाच्या हाताखाली शिकवलं. खेलो इंडियाच्या निवडक खेळाडूंना दरमहा १०,००० रुपये खर्चाला मिळतात. तालुक्याच्या पातळीवर, त्या यादीत कधीच न पोचणाऱ्या पोरापोरींसाठी याच्या दहाव्या हिश्शाची तरी नियमित सोय व्हायला हवी. हजार रुपयांत एसटीचा पास आणि रोजची दोन अंडी बसतात. आणि प्रमाणपत्राची पडताळणी नोकरी लागल्यावर नको, स्पर्धा संपल्याच्या आठवड्यात व्हावी, जेव्हा पंच, विरोधी संघ आणि पाहणारे सगळे अजून आठवणीत असतात.

एक मागणं यात्रेच्या पंचांकडे. फडाला इनामाची परंपरा आहे, ती वाढो. पण या जिल्ह्याचं नाव जगात गेलं ते मुलींच्या खो-खोनं, आणि त्या मुलींसाठी फेरी मारायची रीत आपल्याकडे नाही. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर, बूट घालून होतात आणि आमच्या पोरी मुरमाड मैदानावर अनवाणी सराव करतात.  यंदाच्या यात्रेत जिथे कुस्त्या लागतील तिथे शेवटच्या कुस्तीच्या आधी पंचक्रोशीतल्या एका मुलींच्या संघाला फडात बोलवावं, लाऊडस्पीकरवरून त्यांच्या शाळेचं आणि गावाचं नाव पुकारावं, आणि फेटेवाल्या आजोबांनी आपली कनवट त्यांच्यासाठीही उघडावी.

त्या अकरावीतल्या पोराचं काय झालं ते सांगायचं राहिलं. आता तो बारावीला आहे. गेल्या महिन्यात एसटी स्टँडवर भेटला, परीक्षेचं हॉल तिकीट हातात. फडातल्या त्या पैशांतून त्यानं काय घेतलं, असं विचारलं. म्हणाला, शेंगदाणे आणि गूळ घेतला, तालमीच्या लाइटबिलात थोडे घातले, आणि उरलेल्यांत जीवशास्त्राचं गाइड. मग तो थांबला आणि म्हणाला, "सर, तुम्ही सांगतो म्हणला होतात, बंदी येती का ते."

नाही येत, बाळा. घेतलेस तसेच घेत जा, वस्तादांच्या टॉवेलात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.